अशील कोण?
हवामान-कायद्याच्या भाषेची एक चिकित्सा

१

दलित समीक्षेने आजवर कविता, कथा, नाटक आणि आत्मकथन यांचा विचार केला. तो आवश्यकच होता. प्रस्थापित वाङ्मयाने ज्या जीवनाकडे पाठ फिरवली होती ते जीवन शब्दांत आल्यावर त्याची मीमांसा आपणच करणे भाग होते. परंतु आपल्या समाजाच्या आयुष्यावर सर्वांत अधिक परिणाम करणारे लेखन ललित कधीच नव्हते. सातबाऱ्याचा उतारा, पंचनामा, शासन निर्णय, करारनामा आणि न्यायालयाचा निकाल हे ते लेखन होय. या लेखनालाही शैली असते, त्यात पात्रे असतात, आणि कोणाला कर्ता करायचे, कोणाला कर्म करायचे याचे निर्णय त्यात घेतलेले असतात. मनुस्मृती हीदेखील तिच्या काळाची कायदेसंहिताच होती. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये तिचे दहन झाले ते तिच्यात काय लिहिले आहे हे नीट वाचल्यानंतरच. म्हणून कायद्याच्या भाषेची चिकित्सा हे आपल्या चळवळीचे जुने काम आहे.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत या लेखनात एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. हवामानबदल आणि शाश्वत विकास या विषयांवर कंपन्यांना, बँकांना आणि सरकारांना दिला जाणारा कायदेशीर सल्ला, असा हा प्रकार आहे. २०१० साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा कायदा झाला. २०२१ साली 'सेबी'ने मोठ्या कंपन्यांसाठी व्यवसायातील जबाबदारी आणि शाश्वतता यांच्या अहवालाचा नमुना काढला. २०२२ साली ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२३ साली कार्बन-पताच्या खरेदी-विक्रीची योजना आली. यांपैकी कोणते कोणाला लागू, कोणते लागू नाही, परवानगी कोठे लागते, जमीन कोणत्या मार्गाने घ्यावी, दंड किती बसेल, हे सांगणे हा आता मुंबई-दिल्लीतील वकिलांचा भरभराटीचा व्यवसाय झाला आहे.

मराठी वकिलीत 'अशील' हा शब्द रूढ आहे. वकील अशिलाच्या हिताचा सल्ला देतो. यात गैर काही नाही. तो त्याचा पेशाच आहे. आपला प्रश्न वेगळा आहे. हवामानबदलाच्या या सगळ्या व्यवहारात अशील कोण आहे? कंपनी आहे, बँक आहे, सरकार आहे. ज्याच्या घरात पुराचे पाणी शिरते, ज्याच्या पायाखालची जमीन सौरप्रकल्पाला जाते, तो या कागदांत येतो. पण अशील म्हणून येत नाही, 'जोखीम' म्हणून येतो.

असा समज करून घेऊ नये की भारतीय कायद्याला भूमिहीन माणूस ठाऊकच नाही. तो ठाऊक आहे. अनेक कायद्यांत त्याला ओळखणारे शब्द लिहिलेले आहेत. पण ते शब्द ज्या वाटेवर लागू होतात ती वाट टाळून काम पुढे नेता येते, आणि मालकाच्या बाजूचा सल्ला बहुतेक वेळा त्या दुसऱ्या वाटेचा असतो. हे कसे घडते ते दोन-तीन उदाहरणांवरून पाहू.

२

पहिले उदाहरण गायरानावरील सौरप्रकल्पांचे. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा आला. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी हा तिचा उद्देश आहे आणि तो चांगला आहे. रात्री-अपरात्री पाणी पाजायला जाणारा, अंधारात साप चावून मरणारा शेतमजूर आपल्यातलाच असतो. कोळशाची वीज कमी व्हावी हेही आपल्या हिताचेच आहे. तेव्हा सौरऊर्जेला विरोध करण्यासाठी हा लेख नाही. प्रश्न जमिनीचा आहे.

एका मेगावॅटला ढोबळमानाने चार ते पाच एकर जमीन लागते. ही जमीन दोन प्रकारे मिळते. शेतकऱ्याची खासगी जमीन असेल तर त्याला हेक्टरी किमान सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे, आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ. म्हणजे एकरी जवळजवळ पन्नास हजार रुपये. सरकारी जमीन असेल तर ती नाममात्र भाडेपट्ट्याने दिली जाते. ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख रुपये याप्रमाणे तीन वर्षे अनुदान मिळते. सरकारी जमीन म्हणजे बहुतेक गावांत गायरान. आणि महाराष्ट्रातील असंख्य गावांत त्या गायरानाचा एखादा तुकडा दोन-तीन पिढ्यांपासून महार, मांग, पारधी, भटके यांच्या ताब्यात आहे.

आता दोन माणसे शेजारी शेजारी उभी करून हिशेब मांडा. एकाच्या नावावर दोन एकर आहेत. ते त्याने प्रकल्पाला दिले तर वर्षाला सुमारे एक लाख रुपये त्याच्या घरी येतात. दुसरा तेवढीच दोन एकर तीस-चाळीस वर्षे कसतो आहे, दगड वेचून त्यानेच ती पिकती केली आहे, पण ती त्याच्या नावावर नाही. ती प्रकल्पाला गेली तर त्याला मिळणारी रक्कम शून्य. दोघांच्या जमिनीवर पडणारे ऊन एकच आहे. फरक फक्त सातबाऱ्यावरील नावाचा.

येथे कायदेशीर सल्ल्याचे काम कसे चालते ते पाहिले पाहिजे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात 'बाधित कुटुंब' या शब्दाची व्याख्या आहे. जमिनीची मालकी नसलेले शेतमजूर, कुळे, वाटेकरी जर संपादनापूर्वी तीन वर्षे त्या क्षेत्रात काम करत असतील आणि त्यांची मुख्य उपजीविका बुडत असेल, तर तेही त्या व्याख्येत येतात. ही व्याख्या अनेक जनआंदोलनांनी रक्त आटवून मिळवली आहे. पण सरकारने आपलीच जमीन भाडेपट्ट्याने दिली तर ते 'संपादन' होत नाही. संपादन नाही म्हणून बाधित कुटुंब नाही. दुसरे असे की २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणीची तरतूद आहे. सौरप्रकल्प त्या अधिसूचनेतून वगळले आहेत. त्यामुळे सुनावणीही नाही. यात कोणी कायदा मोडलेला नाही. सगळे कायद्याप्रमाणेच झाले आहे. भूमिहीनाला ओळखणारे दोन्ही दरवाजे उघडेच आहेत. प्रकल्प मात्र तिसऱ्या दरवाजाने आत गेला आहे.

आणि या तिसऱ्या दरवाजावर एक शब्द लिहिलेला असतो: 'भाररहित'. बँक कर्ज देण्यापूर्वी जमीन निर्वेध आणि भाररहित आहे की नाही ते वकिलाकडून तपासून घेते. कर्ज, गहाण, दावा, अतिक्रमण हे जमिनीवरचे भार समजले जातात. ज्या माणसाने ती जमीन पिकवली तो त्या कागदात जमिनीवरचा बोजा होऊन बसतो. राज्यात अनेक ठिकाणी गावांनी आणि भूमिहीनांनी गायरानावरील या प्रकल्पांना विरोध केला, तेव्हा त्या बातम्यांत 'विकासाला विरोध' हा शब्दप्रयोग आला. माणूस प्रथम बोजा झाला आणि मग विरोधक झाला. शेतकरी मात्र तो एकदाही झाला नाही.

३

'अतिक्रमण' या शब्दाचा इतिहास आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असला पाहिजे. महार वतनाची जमीन ही राबवून घेण्याची बेडी होती म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतनाचे विधेयक मांडले. त्यापूर्वीच १९१८ साली राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात महार वतने खालसा करून जमिनी रयताव्याने दिल्या होत्या. स्वातंत्र्यानंतर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ साली भूमिहीनांचे मोठे सत्याग्रह झाले. हजारो माणसे तुरुंगात गेली. त्या लढ्याची एक मागणी स्पष्ट होती: पडीक आणि सरकारी जमीन कसणाऱ्या भूमिहीनाच्या नावावर करा.

शासनाने ही मागणी काही अंशी मान्य केली. १९७८ साली आणि पुन्हा २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघालेल्या शासन निर्णयांनी अनुसूचित जाती-जमातींच्या आणि भूमिहीनांच्या शेतीसाठीच्या अतिक्रमणांना नियमित करण्याचे ठरवले. १९९१ च्या निर्णयात १४ एप्रिल १९९० ही शेवटची तारीख धरली होती. हा दिवस कोणता हे वाचकांना सांगायला नको. म्हणजे शासनाच्याच कागदात एकेकाळी हे 'अतिक्रमण' म्हणजे पुढे मालकीत रूपांतरित व्हावयाचा ताबा होता. प्रत्यक्षात किती जणांचे नाव सातबाऱ्यावर चढले आणि किती जण तलाठ्याच्या दारात हेलपाटे घालून थकले, हे ज्याच्या त्याच्या गावात विचारावे.

मग २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा जगपाल सिंग खटल्याचा निकाल आला. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढा, असा आदेश त्यात आहे. खटला पंजाबातील एका गावच्या तळ्याचा होता. धनदांडग्यांनी गावाचे तळे गिळू नये हा त्या निकालाचा हेतू रास्त होता. आणि त्यात एक अपवादही लिहिलेला आहे: भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासकीय निर्णयाखाली पट्टा दिला असेल, अथवा शाळा-दवाखाना असेल, तर नियमित करण्याचा विचार होऊ शकतो. महाराष्ट्रात त्यानंतर १२ जुलै २०११ चा शासन निर्णय निघाला आणि गायरानाचे दार बंद झाले. निकालातला आदेश गावोगावी पोहोचला. अपवाद मात्र पोहोचला नाही. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे गायरानावरील दोन लाखांहून अधिक बांधकामांचा आकडा आला, नोटिसा निघाल्या, आणि कोल्हापुरातही मोर्चे निघाले. त्या मोर्चांत सर्व जातींची माणसे होती. गायरानावर केवळ दलितच राहतात असे नाही. पण ज्याला गायरानाखेरीज दुसरीकडे काहीच नाही, असा माणूस शोधला तर तो बहुधा कोणत्या वस्तीतला निघतो, हे समाजवास्तव आहे.

एका कायद्याचा मात्र येथे मुद्दाम उल्लेख केला पाहिजे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. त्याच्या कलम ३(१) मधील पोटकलमांत या समाजाच्या व्यक्तीच्या 'मालकीच्या' जमिनीबरोबरच तिच्या 'ताब्यातील' जमिनीचाही शब्द आहे, आणि जमीन वा पाणी यांच्या उपभोगात बेकायदा अडथळा आणणे हाही गुन्हा आहे. गायरानाचे प्रत्येक प्रकरण त्यात बसेल असे मी म्हणत नाही. ते न्यायालयांनी ठरवायचे आहे. पण 'ताबा' हा शब्द कायद्यात आहे. तो कोणी मांडला तरच न्यायालय त्यावर बोलेल.

४

दुसरे उदाहरण आपल्या दारातले आहे. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांवर गेले आणि २०२१ च्या जुलैमध्ये त्याहूनही वर. या महापुरांची कारणे कोणती, यावर वाद चालू आहे. अतिवृष्टी, धरणांतील विसर्ग, नदीपात्रातील भराव, अलमट्टीचा फुगवटा अशी ती कारणे सांगितली जातात. थोड्या दिवसांत पुष्कळ पाऊस कोसळण्याचे प्रसंग वाढत आहेत, एवढे मात्र हवामानशास्त्रज्ञ निर्विवादपणे सांगतात. आपले काही कार्यकर्ते अजूनही म्हणतात की हवामानबदल हे पोट भरलेल्यांचे दुखणे आहे. त्यांनी शिरोळ किंवा हातकणंगले तालुक्यात नदीकाठच्या एखाद्या गावात जावे आणि पाणी प्रथम कोणत्या घरात शिरते ते विचारावे. जुने गावठाण पांढरीच्या उंचवट्यावर आणि गावकुसाबाहेरची वस्ती ओढ्याच्या अंगाला, ही रचना पावसाने केलेली नाही.

पूर ओसरल्यावर सरकारची भाषा सुरू होते. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. त्यामुळे भावकीत आणि वस्तीत आलेला कोणताही सरकारी कागद वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे येते. मराठीचा अध्यापक असूनही त्यातले निम्मे शब्द मला दोनदा वाचावे लागतात. त्यांतले दोन शब्द येथे घेतो: 'निविष्ठा अनुदान' आणि 'सानुग्रह अनुदान'.

निविष्ठा अनुदान हे पिकाच्या नुकसानीचे. केंद्राच्या २०१५ ते २०२० च्या निकषांत ते कोरडवाहूला हेक्टरी ६,८०० रुपये, बागायतीला १३,५०० आणि बहुवार्षिक पिकाला १८,००० रुपये असे, दोन हेक्टरांच्या मर्यादेत होते. पुढे हे दर वाढले, आणि राज्य सरकारनेही वेळोवेळी आपली भर घातली. शेतकऱ्याला ते मिळालेच पाहिजे. ते अपुरेच असते. त्याच निकषांत उपजीविका गंभीरपणे बुडालेल्या कुटुंबासाठी वेगळी तरतूद होती: प्रौढ माणसाला दिवसाला ६० रुपये आणि मुलाला ४५ रुपये. उसाच्या शेतात भांगलण करणारी बाई, वीटभट्टीवरचा मजूर, पुरानंतर दोन-दोन महिने ज्यांना काम मिळत नाही ती माणसे येथे बसतात. म्हणजे भूमिहीन मजूर या कागदातही आहे. पण पिकाचे नुकसान मोजायला हेक्टर आहे आणि बुडालेला रोजगार मोजायला माप नाही. पंचनाम्यात बुडालेल्या उसाची नोंद होते. त्या उसात बुडालेल्या मजुरीच्या दिवसांची नोंद होत नाही.

आणि शब्द पाहा. सानुग्रह म्हणजे अनुग्रहासह, कृपा करून दिलेले. मजुराला सरकार जे देते ते कृपा म्हणून. ज्या समाजाने शतकानुशतके 'जोहार मायबाप' म्हणून उष्टे मागितले, त्या समाजाच्या हाती स्वतंत्र भारताच्या प्रशासनाने पुन्हा अनुग्रहाचाच शब्द ठेवावा, याचा विचार भाषेच्या अभ्यासकांनी केला पाहिजे. २०१९ च्या पुरात मोफत धान्यासाठी क्षेत्र दोन दिवसांपेक्षा अधिक काळ पाण्यात बुडालेले असावे अशी अट शासन निर्णयात होती. त्यावर तेव्हा टीकाही झाली. दीड दिवस पाण्यात राहिलेल्या चुलीचे काय, हा प्रश्न ती अट लिहिणाऱ्याला पडला नाही, कारण त्याच्या डोळ्यांपुढे चूल नव्हती, क्षेत्र होते.

आता मूळ कायदा काय म्हणतो ते पाहा. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम १२ मध्ये मदतीचे किमान निकष ठरवताना 'उपजीविकेच्या साधनांची पुनःस्थापना' हे शब्द स्पष्ट आहेत. कलम ६१ म्हणते की मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश अथवा धर्म या कारणावरून भेदभाव करता येणार नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत दलितांना मदत-छावण्यांतून आणि बाधितांच्या याद्यांतून कसे बाहेर ठेवले गेले हे नोंदलेले आहे. तेव्हा कलम ६१ हे शोभेचे कलम नाही. पण कायद्यातला 'उपजीविका' हा शब्द निकषांपर्यंत येता येता हेक्टर झाला. भेदभाव करणारे वाक्य कोठेही लिहावे लागले नाही. ज्यांच्याकडे हेक्टर आहेत आणि ज्यांच्याकडे नाहीत ही विभागणी वर्णव्यवस्थेने आधीच करून ठेवली होती. निकषाने फक्त तिच्यावर शिक्का मारला.

५

तिसरे उदाहरण कंपन्यांच्या अहवालांचे. शेअर बाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून 'सेबी'चा शाश्वतता अहवाल बंधनकारक आहे. त्यात नऊ तत्त्वे आहेत. वीज किती वापरली, पाणी किती उपसले, किती सांडपाणी प्रक्रिया करून सोडले, हवेत किती उत्सर्ग झाला, याचे तक्ते आहेत. आठवे तत्त्व सर्वसमावेशक वाढीचे आहे आणि त्यात प्रकल्पबाधित कुटुंबांच्या पुनर्वसनाचा तक्ताही आहे. हा नमुना पूर्वीपेक्षा पुष्कळ पुढचा आहे हे मान्य केले पाहिजे. कामगार किती, त्यांत स्त्रिया किती, अपंग किती, कायम किती आणि इतर किती, हे त्यात विचारले जाते.

जात मात्र विचारली जात नाही. 'वंचित आणि दुर्बल गट' असा शब्द येतो, एवढेच. गटाराच्या टाकीत उतरणारा माणूस, राख उपसणारा माणूस, कंत्राटदाराच्या हजेरीवर असलेला सफाई कामगार कोणत्या समाजाचा, हा प्रश्न या शाश्वततेला पडत नाही. प्रकल्पबाधितांचा रकानाही वर सांगितल्याप्रमाणे. ज्याला कायद्याने 'बाधित' मानलेच नाही त्याची संख्या तेथे शून्य भरली तर तो अहवाल खोटा ठरत नाही. शिवाय शेअर बाजारात नोंद नसलेल्या कंपन्यांना आणि सहकारी संस्थांना हा नमुना बंधनकारक नाही. आपल्या भागातील पाण्याचा, मळीचा, सांडपाण्याचा बराचसा व्यवहार तर अशाच संस्थांच्या हातात आहे. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची साथ आली, माणसे दगावली. नदीच्या अशा दुखण्याची नोंद करायला या अहवालात जागा नाही.

याच काळात शिक्षेची भाषाही बदलली. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती बहुतांशी काढून दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंड ठेवला. कैद फारशी कोणाला होत नव्हती हे खरे. पण कैद ही अशिलाला भीती असते आणि दंड हा त्याला खर्च असतो. खर्चाचा हिशेब ताळेबंदात बसतो.

६

२१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्याच्या खटल्यात एक महत्त्वाचे विधान केले. एम. के. रणजितसिंह विरुद्ध भारत सरकार हा तो खटला. राजस्थान-गुजरातेत विजेच्या तारांना धडकून माळढोक मरतात म्हणून तारा जमिनीखालून न्याव्यात, असा आदेश २०२१ साली झाला होता. सरकारने अडचण मांडली. सौरऊर्जेचे उद्दिष्ट गाठायचे तर हे परवडणार नाही. न्यायालयाने आदेश बदलला आणि त्या ओघात सांगितले की हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क संविधानाच्या कलम १४ आणि २१ मधून निघतो. गरिबांना या बदलाचा फटका अधिक बसतो हेही निकालात मान्य केले आहे.

हा हक्क आपला आहे आणि तो आपण घेतला पाहिजे. पण तो कोणत्या वादातून निघाला हेही पाहावे. एका बाजूला पक्षी, दुसऱ्या बाजूला सरकार आणि वीज-उद्योग. पुरात बुडालेला मजूर तेथे पक्षकार नव्हता. त्याच्या दुःखाचा उल्लेख झाला तो सौरऊर्जा का हवी याचे कारण म्हणून. उद्या गायरानावरील माणसाला उठवतानाही हेच कारण दिले जाणार नाही, याची खात्री कोण देणार? तुझ्यासारख्या गरिबांना हवामानबदलापासून वाचवायचे आहे, म्हणून तू ही जमीन सोड, असे त्याला सांगितले जाऊ शकते. हक्क एकच असतो, पण तो कोणाच्या तोंडून मांडला जातो यावर त्याचा अर्थ ठरतो.

महाडचा अनुभव हेच सांगतो. १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर सवर्णांनी डिसेंबरात दिवाणी दावा लावला आणि मनाईहुकूम मिळवला. त्या दाव्यात त्यांचे म्हणणे केवळ विटाळाचे नव्हते. तळे खासगी मालकीचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. विटाळाला मालकीचा अंगरखा घातला की तो न्यायालयात उभा राहू शकतो, हे त्यांच्या वकिलांना कळले होते. त्याला उत्तर द्यायला प्रतिवादींच्या बाजूला स्वतः बॅरिस्टर असलेले बाबासाहेब होते. दहा वर्षे तो दावा चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो आपल्या बाजूने निकाली काढला. सत्याग्रहाने तळ्याचे पाणी खुले केले. मालकीचा मुद्दा मात्र न्यायालयात, कागदांनी आणि साक्षींनी मोडावा लागला. दोन्हींची गरज होती.

शाहू महाराजांना हे उमगले होते. म्हणूनच त्यांनी आपल्या संस्थानात अस्पृश्यांना वकिलीच्या सनदा दिल्या. वसतिगृहे काढणारा राजा वकिलीच्या सनदांचाही विचार करतो, कारण शिकलेल्या माणसाला आपल्या माणसाची बाजू मांडता आली नाही तर ते शिक्षण अपुरे राहते. आज कोल्हापुरात १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसू लागले आहे. सहा जिल्ह्यांच्या माणसाला आता मुंबईचे भाडे काढावे लागत नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यात आहे. नुकसानभरपाईचा अर्ज तेथे पाच वर्षांच्या आत करता येतो. आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या प्रत्येक व्यक्तीला, तसेच पूर, दुष्काळ, भूकंप यांत सापडलेल्या माणसाला, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. म्हणजे पुरात बुडालेला माणूस अशील होऊ शकतो, असे कायदाच म्हणतो. तो झालेला नाही, कारण त्याला हे कोणी वाचून दाखवलेले नाही.

ते वाचून दाखवणे हे आपल्या पिढीच्या शिक्षकांचे, विद्यार्थ्यांचे आणि कार्यकर्त्यांचे काम आहे. प्रत्येक गावातील गायरानाचा ताबा कधीपासून, १९९१ च्या शासन निर्णयाखाली अर्ज केला होता काय, त्याचे पुढे काय झाले, याची कागदोपत्री नोंद करा. ग्रामपंचायतीने सौरप्रकल्पासाठी कोणता ठराव केला त्याची प्रत मागा. पुढचा पूर येईल तेव्हा पंचनाम्याच्या शेजारी मजुरीच्या बुडालेल्या दिवसांची स्वतंत्र यादी तयार ठेवा आणि ती कलम १२ व ६१ चा उल्लेख करून तहसीलदाराला द्या. महाविद्यालयातील मराठीच्या तासाला एखादा शासन निर्णय कवितेसारखा, ओळ ओळ करून वाचायला घ्या. विधी महाविद्यालयातील आपल्या मुलांना सांगा की हवामानाचा कायदा हा फक्त मोठ्या कंपन्यांच्या वकिलांचा विषय नाही.

२०२० साली पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा केंद्र सरकारने इंग्रजी आणि हिंदीत काढला. त्यावर सूचना देण्याचा हक्क साऱ्या देशाला होता. तो आठव्या अनुसूचीतील भाषांत भाषांतरित करा, असे दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी सांगितले, तर सरकार त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्याच्या जमिनीचा, पाण्याचा आणि हवेचा निर्णय व्हायचा आहे त्याला तो त्याच्या भाषेत कळावा, एवढी साधी गोष्ट मिळवायलाही खटला लढावा लागतो. तेव्हा आपल्याला कोणी बोलावून सल्ला देईल या आशेवर राहण्यात अर्थ नाही. कागद मागून घ्यावा लागेल, वाचावा लागेल आणि त्यात आपले नाव नसेल तर ते लिहायला लावावे लागेल.